न दिसणारे दुखणे

जगातील सर्वांत जुनी सबब कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : पोटदुखी. ताप काखेत पारा धरून मोजता येतो, खरचटलेला गुडघा दाखवता येतो, सुजलेला गाल लपवू म्हटले तरी लपत नाही. पण पोटात दुखते की नाही, हे ज्याचे त्यालाच ठाऊक! म्हणूनच गणिताची चाचणी असली की वर्गातल्या निम्म्या पोटांत कळा सुटतात, आणि मधल्या सुटीची घंटा झाली की त्याच पोटांत दोन-दोन भाकऱ्या सुखाने जातात. वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला या कळांची चांगलीच ओळख झालेली असते.

पण थट्टा बाजूला ठेवली, तर या सबबीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे दुखणे आपल्याला दिसत नाही. तो सांगेल तेवढेच आपल्या हाती. मग आपण त्याचे ऐकावे, की पुरावा मागावा? आणि पुरावा मिळेपर्यंत त्याला काय समजावे, खरा की खोटा? कोर्टातला खटला यापेक्षा सोपा म्हणायचा. तिथे साक्षीदार असतात, कागदपत्रे असतात. इथे दुखणारा हाच एकमेव साक्षीदार, आणि बहुतेक वेळा आरोपीही तोच!

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांची एक रीत होती. पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाला ते आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवीत, चिमूटभर ओवा आणि कोमट पाणी देत, आणि तीन प्रश्न विचारीत. कुठे दुखते? केव्हापासून दुखते? आणि काय केले की वाढते, काय केले की थांबते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोंगाड्या मुलांना पाठ असत. तिसऱ्याला मात्र ती अडखळत. एकदा एक सहकारी त्यांना म्हणाले, “सर, सगळी पोरे तुम्हाला बनवतात.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “बनवू देत. त्यात माझा चिमूटभर ओवा जातो. पण एखादे खरे दुखणारे पोर मी माघारी धाडले, तर काय जाईल, त्याचा हिशेब मला येत नाही.”

त्यांचा तो तिसरा प्रश्न पुढे पुष्कळ वर्षांनी मला एका अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा भेटला. त्याचीच हकिकत सांगायची आहे. मात्र त्याआधी वाचकांना थोडा वेळ स्वयंपाकघरात नेले पाहिजे. दिवाळीच्या दिवसांत हा रस्ता कोणालाच जड वाटणार नाही.

घरोघरच्या गृहिणींना एक गोष्ट मी सांगायला नको. करंजी तेलात फुटते, ती मध्यभागी सहसा फुटत नाही. ती फुटते कडेला, जिथे दोन काठ जुळवून मुरड घातलेली असते तिथे. पारी कितीही चांगली मळलेली असो, जोड कच्चा राहिला की आतल्या सारणाला वाट मिळते, आणि मग सगळे तेल काळे होते. माणसाच्या पोटाची भिंतही काहीशी अशीच आहे. बेंबीच्या दोन्ही अंगांना दोन उभे, जाड स्नायू असतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूस तीन रुंद स्नायू एकावर एक, साट्याच्या करंजीच्या पापुद्र्यांसारखे पसरलेले असतात. उभ्या स्नायूकडे येता येता त्यांचे मांस संपते आणि पांढरे, चिवट पडदे सुरू होतात. मांस आणि पडदा यांच्या सीमेवरची ही रेषा बरगडीपासून ओटीपोटापर्यंत चंद्रकोरीसारखी वाकत जाते, म्हणून तिला अर्धचंद्ररेषा म्हणतात. पोटाच्या करंजीची मुरड ती हीच, असे म्हणायला हरकत नाही.

या रेषेचे वर्णन ज्याने केले तो आड्रियान व्हान डेन स्पीगेल मूळचा ब्रुसेल्सचा. इटलीतील पाडुआच्या विद्यापीठात तो शरीरशास्त्र शिकवीत असे आणि १६२५ साली वारला. रेषा त्याने सांगितली, पण त्या रेषेवरून आतडे बाहेर सरकू शकते, हे काही त्याने सांगितले नाही. ते सांगितले क्लिंकोश नावाच्या वैद्याने, १७६४ साली. म्हणजे जागा कळल्यानंतर तिथले दुखणे कळायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली! तरीही नाव राहिले ते स्पीगेलचेच. आजही शल्यवैद्य या विकाराला ‘स्पिगेलियन हर्निया’ म्हणतात.

हर्निया हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत कोणालाही नवा नाही. ‘आतडे उतरले’ असे म्हटले की म्हाताऱ्यांनाही लगेच कळते. पण लोकांना माहीत असतो तो जांघेतला हर्निया, फार तर बेंबीचा. त्यात फुगवटा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. स्पीगेलच्या रेषेवरचा हर्निया विरळा. पोटाच्या भिंतीच्या शंभर हर्नियांत तो जेमतेम एक-दोन. आणि त्याची खोड अशी, की तो बहुधा दिसतच नाही. आतले पडदे फाटतात, आतड्याचा किंवा चरबीचा थोडासा भाग त्या भोकातून पुढे येतो, पण सर्वांत बाहेरचा पडदा शाबूत असतो. त्यामुळे आलेला पाहुणा ओसरीपर्यंत येतो आणि तिथेच आडवा पसरतो, अंगणात पाऊल टाकत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला घर जसेच्या तसे दिसते.

यात आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. माणूस उभा राहिला, खोकला, ओझे उचलले, की पोटातला दाब वाढतो आणि आतडे त्या भोकातून पुढे येते. तेव्हा दुखते. माणूस आडवा झाला की ते आपोआप मागे सरकते आणि दुखणे थांबते. आता दवाखान्यात डॉक्टर पोट कसे तपासतात? “झोपा बरे,” म्हणून रोग्याला टेबलावर निजवतात! म्हणजे दुखणे शोधण्याची जी रीत, तीच दुखण्याला लपायला जागा देते. डॉक्टर हात लावून पाहतात, पोट मऊ, कुठे काही नाही. ते प्रामाणिकपणे सांगतात, “काही नाही.” रोगीही प्रामाणिकपणे सांगतो, “दुखते हो!” दोघेही खरे बोलत असतात, आणि दोघांपैकी एक खोटा ठरतो. कोण, ते सांगायला हवे का?

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ओझे ही नवलाची गोष्ट नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून कोकणातला माल डोक्याखांद्यांवरून आणि जनावरांच्या पाठीवरून वर येत होता. त्या घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा शिलालेख आहे. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत काय काय दिले, त्याची यादी त्यात खोदलेली आहे. घाट चढणाऱ्या हमालाच्या पोटात कळ आली होती का, याची नोंद अर्थातच नाही. ओझे वाहणाऱ्यांचे दुखणे शिलालेखात येत नसते. आजही नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट गाडीत चढतात ती कोणाच्या तरी कमरेच्या आणि पोटाच्या बळावर. आहुप्याकडच्या डोंगरात हिरड्याची पोती पायवाटेने खाली येतात, पावसाळ्यात वाकून वाकून भात लावले जाते, उन्हाळ्यात हंड्यावर हंडा ठेवून पाणी आणले जाते. यांतले बरेचसे काम बायका करतात, आणि ते करताना कुठे दुखले, हे सांगायची त्यांना सवय नसते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई अशीच पश्चिमेकडच्या एका वाडीतली. तीन वर्षे तिच्या पोटात डाव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली दुखत असे. भारा उचलला की दुखे, हंडा घेतला की दुखे, निजले की राही. दुखणे असे, की ते काम करतानाच येई. आणि काम करतानाच येणाऱ्या दुखण्याला आपल्या घरांत काय नाव मिळते, ते आपल्याला ठाऊक आहे. भातलावणीच्या दिवसांत ती बांधावर बसली की सासू म्हणे, “हिला काम दिसले की कळ येती.” नवरा वाईट नव्हता. तो तिला दोन-तीन ठिकाणी घेऊन गेला. एका दवाखान्यात गॅसच्या गोळ्या मिळाल्या. दुसरीकडे पोटाचा फोटो निघाला, अर्थातच निजवून, आणि त्यात काही आले नाही. तिथून निघताना कोणीतरी तिच्यासमोरच नवऱ्याला म्हणाले, “मनाचे आहे. फार लक्ष देऊ नका.” त्या दिवसापासून घरातला निकाल लागला. डॉक्टरच म्हणतो काही नाही, मग ही सोंगच करते!

मधल्या काळात ती भगताकडेही जाऊन आली. आपण शिकलेले लोक भगताला हसतो. पण मला एक गोष्ट इथे कबूल करावीशी वाटते. तिचे पहिल्याने पूर्ण ऐकून घेतले ते भगताने. त्याने तिला समोर बसवले, सगळी हकिकत ऐकली, मान डोलावली, आणि “बाई, तुला त्रास आहे खरा,” असे म्हटले. अंगाऱ्याने तिचे आतडे मागे गेले नाही, जाणारही नव्हते. पण ती दोन महिने पुन्हा पुन्हा तिथे का जात राहिली, हे समजायला फार मोठे मानसशास्त्र नको. दवाखान्यात तपासणी होती, पण विश्वास नव्हता. भगताकडे विश्वास होता, पण तपासणी नव्हती. आणि तिला तर दोन्ही हवी होती.

शेवटी ती एका तरुण डॉक्टरांपुढे गेली. मुलगा बरोबर होता, त्यामुळे पुढचे संभाषण मला त्याच्याकडून कळले. डॉक्टरांनी तिला निजवून तपासले आणि त्यांनाही काही सापडले नाही. पण मग त्यांनी विचारले, “मावशी, काय केलं की वाढतं, आणि काय केलं की थांबतं?” ती म्हणाली, “उभी राहिले, ओझं घेतलं की वाढतं. निजले की कायबी नाय.” डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग मी तुम्हाला निजवून काय शोधतोय? उभ्या राहा बरं. आता जोरात खोका.” बोट त्यांनी नेमके त्या रेषेवर ठेवले होते. काही दिसले नाही, पण बोटाखाली काहीतरी सरकले आणि ती कळवळली. मग उभे असतानाच सोनोग्राफी झाली. पडद्यावर दोन बोटे रुंदीचे भोक आणि खोकल्याबरोबर त्यातून पुढे येणारे आतडे स्वच्छ दिसले. शस्त्रक्रिया लवकर करावी, असे ठरले. अशा हर्नियाचे तोंड अरुंद आणि काठ घट्ट असतात. आतडे त्यात अडकून बसले की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग प्रश्न दुखण्याचा राहत नाही, जिवाचा होतो.

शस्त्रक्रिया झाली आणि बाई बरी झाली. महिना-दोन महिन्यांनी ती मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत आली, तेव्हा मी विचारले, “ताई, आता दुखत नाही ना?” तिने दुखण्याचे उत्तर दिलेच नाही. ती म्हणाली, “गुरुजी, मी सोंग करत नव्हते, हे आता घरात कळलं.”

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत राहिलो. तीन वर्षे तिला दोन दुखणी होती. एक पोटातले, आणि दुसरे लबाड ठरल्याचे. पहिले अधूनमधून थांबत होते, दुसरे निजल्यावरही थांबत नव्हते. शल्यवैद्याने पहिल्यावर टाके घातले, आणि त्याच टाक्यांनी दुसरेही बरे झाले. पण हा योगायोग झाला. समजा, तिच्या पोटात खरोखरच भोक सापडले नसते तर? समजा, तिचे दुखणे आजच्या कोणत्याही यंत्राला न दिसणारे असते तर? मग ती जन्मभर लबाडच राहिली असती काय? माणसाच्या खरेपणाचा दाखला सोनोग्राफीच्या कागदावरच मिळावा, हे मला काही नीट वाटत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे बोलायला ठीक आहे. सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर रांग लागलेली असते. प्रत्येकाच्या प्रत्येक तक्रारीवर विश्वास ठेवायचा म्हटले, तर डॉक्टरांनी जेवायचे केव्हा? शिवाय सगळेच खरे बोलतात असे थोडेच आहे? रजेसाठी पोट दुखणारे आहेत, भरपाईसाठी कंबर दुखणारे आहेत. आणि नुसत्या शब्दावर विसंबून कोणाचे पोट फाडले, आणि आत काही नसले, तर तो अपराध कोणाचा?

हा आक्षेप खोटा नाही. डॉक्टरांची घाई मला कळते. साठ मुलांच्या वर्गात उभा राहणाऱ्या मास्तराला ती कळायलाच हवी. पण या आक्षेपात एक घोटाळा आहे. विश्वास ठेवणे म्हणजे सांगितलेले सगळे निमूट मान्य करणे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. त्या तरुण डॉक्टरांनी काय केले ते पाहा. त्यांनी बाईच्या शब्दावर सुरी उचलली नाही. त्यांनी तिचे म्हणणे खरे धरले, आणि मग विचारले, हे खरे असेल तर मला ते दिसत का नाही? या एका प्रश्नाने त्यांना टेबलापासून उभ्या तपासणीकडे आणि तिथून सोनोग्राफीकडे नेले. अविश्वास ठेवणारा मनुष्य स्वतःला मोठा चिकित्सक समजतो, पण खरे म्हणजे त्याची चिकित्सा तिथेच संपते. ‘हिला काही नाही’ असे एकदा ठरले, की पुढे शोधायचे काय? शोधायला लागतो तो विश्वास ठेवणाराच. वैद्याचा विश्वास म्हणजे तपासाचा शेवट नव्हे, ती तपासाची सुरुवात आहे. आमच्या मुख्याध्यापकांचा ओवा आणि त्यांचे तीन प्रश्न यांची जोडी का होती, ते मला त्या दिवशी उमगले.

आता हेच तत्त्व भोक बुजवण्याच्या कामीही कसे लागू पडते, ते पाहण्यासारखे आहे. पोटाच्या भिंतीला पडलेले भोक शिवायचे कसे, हा प्रश्न शल्यवैद्यांना फार दिवस छळीत होता. त्याच पाडुआ गावात, स्पीगेलनंतर अडीचशे वर्षांनी, एदोआर्दो बास्सिनी नावाच्या शल्यवैद्याने जांघेतला हर्निया थरांवर थर नीट शिवून बंद करण्याची पद्धत बसवली. १८८७ साली त्याने ती जाहीर केली, आणि पुढे सगळ्या जगाने ती उचलली. हा बास्सिनी तरुणपणी इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता, आणि १८६७ साली संगिनीने त्याच्या जांघेतच जखम झाली होती. पण नुसत्या टाक्यांचे एक वैगुण्य असते. जुन्या लुगड्याची फाट ओढून शिवली, की ती शिवणीच्या शेजारी पुन्हा फाटते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. म्हणून त्या फाट ओढीत नसत, तिला ठिगळ लावीत. शल्यवैद्यांनाही शेवटी ठिगळापाशीच यावे लागले. अमेरिकेतील फ्रान्सिस अशर याने १९५८ साली प्लास्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी वापरून दाखवली, आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे धागे वाढतात आणि ठिगळ भिंतीतच मुरून जाते. स्पीगेलच्या हर्नियातही भोक लहान असेल तर काठ शिवून भागते. मोठे असेल तर जाळी लावणे शहाणपणाचे ठरते. हे काम पोट उघडून होते, आणि आता दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतूनही होते.

पण ही जाळी महाग. हातरुमालाएवढा तुकडा, आणि किंमत अशी की हातावर पोट असणाऱ्या माणसाने ती ऐकूनच घरी परतावे. इथे आपल्या महाराष्ट्रातली एक हकिकत येते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा या गावी डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे शल्यवैद्य काम करीत. मच्छरदाणीचे कापड ज्या प्लास्टिकचे विणतात, ते हर्नियाच्या जाळीच्या प्लास्टिकचेच सोयरे आहे, ही गोष्ट त्यांनी हेरली. औषध न लावलेले असे कापड घेऊन, ते कापून, धुऊन, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करून त्यांनी ते हर्नियासाठी वापरले. मग इतर ठिकाणच्या शल्यवैद्यांना बरोबर घेऊन त्यांनी रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, आणि २००३ साली भारतीय शल्यवैद्यांच्या नियतकालिकात त्या प्रसिद्ध केल्या. जाळीची किंमत जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि रोगी बरे होत होते.

आता या गोष्टीवर आपली पहिली प्रतिक्रिया काय होते, हे वाचकांनी स्वतःशीच तपासून पाहावे. “मच्छरदाणी? माणसाच्या पोटात?” स्वस्त गोष्टीवर आपला विश्वास बसत नाही. भारी वेष्टनात, परदेशी शिक्क्याची जी जाळी येते ती औषध, आणि ठाणावरून फाडलेली ती चिंधी! दुखणाऱ्या बाईचा शब्द आणि हे कापड यांची गत मला सारखीच वाटते. दोघांच्याही अंगावर दाखवण्याजोगा शिक्का नाही. आपण खरेपणा पाहतो असे म्हणतो, आणि पाहतो मात्र शिक्का.

यावर आणखी एक आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. श्रीमंताला खरी जाळी आणि गरिबाला मच्छरदाणी, हा न्याय झाला काय? गरिबाचे पोट म्हणजे काय प्रयोगशाळा? हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि जो विचारीत नाही त्याच्या दयेवर माझा भरवसा नाही. गरिबाला दुय्यम वस्तू देऊन वर उपकार सांगणे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. पण इथे वस्तू दुय्यम आहे की नाही, हे ठरवायचे कसे? त्याला एकच सचोटीचा मार्ग. दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. युगांडात ते झाले. स्वीडनच्या आणि तिथल्या शल्यवैद्यांनी जांघेचा हर्निया असलेल्या ३०२ पुरुषांवर शस्त्रक्रिया केली. कोणाला कोणती जाळी, हे चिठ्ठ्या टाकावे तसे दैवावर सोपवले होते, आणि आपल्या पोटात कोणती गेली, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया पुन्हा उलटला, महाग जाळीच्या गटात कोणाचाही नाही. हा फरक जमेस धरण्याएवढा नव्हता. बाकीच्या तक्रारीही दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच होत्या. महाग जाळीची किंमत सव्वाशे डॉलर होती, स्वस्त जाळीची एक डॉलर.

चिठ्ठीपुढे दोन्ही जाळ्या सारख्या उभ्या राहिल्या, तेव्हाच त्या कापडावरचा डाग धुतला गेला. स्वस्त आहे म्हणून गरिबाला द्या, असे म्हणणे हा त्याचा अपमान आहे. स्वस्त आहे म्हणून टाकून द्या, असे म्हणणे हा त्याचा घात आहे. या दोहोंच्या मधली वाट कष्टाची आहे. आधी विश्वास ठेवावा, आणि त्या विश्वासाला शोभेल इतकी कसून परीक्षा घ्यावी. दोंडाईच्याच्या शल्यवैद्यांनी कापडाबाबत जे केले, तेच त्या तरुण डॉक्टरांनी एका बाईच्या शब्दाबाबत केले, असे मला वाटते.

आपण बहुतेकजण शल्यवैद्य नाही. आपल्या हाती सुरी नाही, सोनोग्राफीचे यंत्र नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या घरात ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणणारे कोणीतरी असते. सहसा ते माणूस घरातले सर्वांत कमी बोलणारे असते. दिवाळीच्या आठ दिवसांत चकलीच्या सोऱ्यापाशी बसून जिची पाठ भरून येते अशी वहिनी असते. ‘म्हाताऱ्यांना रोजच काहीतरी होते’ असे म्हणून ज्यांचे ऐकायचे आपण सोडून दिले आहे, असे आजोबा असतात. अंग दुखते म्हणणारी कामवाली असते, आणि तिची रजा आपल्याला नेमकी सणाच्या तोंडावरच खुपते. या सगळ्यांचे दुखणे आपल्याला बरे करता येईलच असे नाही. सगळेच खरे असेल असेही नाही. क्वचित कोणी आपल्याला बनवीलही. बनवले तर आपला चिमूटभर ओवा जाईल.

फराळाची ताटे भरताना यंदा एवढे करून पाहावे. कोणी दुखते म्हणाले, तर ‘काही नाही, होईल बरे’ असे म्हणण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसावे आणि विचारावे, “केव्हा दुखते? उभे राहिल्यावर, की निजल्यावर?” आणि मग उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे.